जानेवारीत काढलेल्या फळ्या

टीव्हीवर हवामानाचा नकाशा लागला की इगाराशी मासानोरींच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नकाशात मधोमध डोंगरांची रांग. डोंगरांच्या पलीकडे, तोक्योच्या बाजूला, लालबुंद हसरे सूर्य ओळीनं मांडलेले. अलीकडे, आमच्या निइगाताच्या बाजूला, डिसेंबरपासून मार्चपर्यंत नुसते बर्फाचे बाहुले. आणि ती निवेदिका हसत हसत सांगणार, "आज देशभर छान ऊन पडेल, जपानी समुद्राच्या बाजूला मात्र थोडा बर्फ." थोडा! इगाराशींच्या छपरावर तो थोडा बर्फ कमरेइतका साचलेला असायचा. "देशभर म्हणे! मग आम्ही काय कोरियात राहतो?" असं ते टीव्हीला विचारायचे. टीव्ही उत्तर द्यायचा नाही आणि त्याचाही त्यांना राग यायचा.

खरं तर हा माणूस मुळात असा नाही. मे महिन्यात भातखाचरं पाण्यानं भरली की गल्लीत त्यांच्याइतकं गोड कुणी नसतं. शेतकी सहकारी संस्थेच्या विमा विभागात ते दुय्यम अधिकारी. उन्हाळ्यात शेतकरी त्यांना वांगी आणून देतात आणि ते प्रत्येकाच्या नातवंडांची नाव घेऊन चौकशी करतात. पण एकदा नोव्हेंबरची अखेर उजाडली (उजाडली म्हणायचं आपलं, उजाडत काहीच नाही) की आमच्याकडे तळमजल्याच्या सगळ्या खिडक्यांवर बाहेरून आडव्या फळ्या चढतात. छपरावरून बर्फ घसरला तर काचा फोडून थेट बैठकीत येऊन बसतो, म्हणून. मार्चअखेर गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष सांगतील त्या रविवारी सगळ्यांनी मिळून त्या काढायच्या. तोवर घरात भर दुपारी दिवा. चार महिने माणसं बरणीतल्या लोणच्यासारखी मुरत बसतात. इगाराशी मुरायचे नाहीत, आंबायचे.

डोक्यावर बर्फ ठेवा, असं चिडक्या माणसाला सांगतात. सांगणाऱ्यांनी बर्फ पाहिलेला नसतो. इगाराशींच्या डोक्यावर चार महिने दुसरं काहीच नव्हतं, आणि त्यांचं डोकं गल्लीतल्या कुठल्याही रॉकेलच्या शेगडीपेक्षा जास्त तापायचं.

या वर्षी तर नवं वर्ष सुरू होऊन धड आठवडाही झाला नव्हता, तोच त्यांचं भाताच्या कुकरशी भांडण झालं. हल्लीचे कुकर भात झाला की गाणं वाजवतात. "झालाय तर झालाय म्हण ना! नाचतोस कशाला?" असं ओरडून इगाराशींनी त्याची वायर उपटली. कुकर अर्ध्या सुरावर गप्प झाला. ओट्याशी तोमोएबाई मुळा किसत होत्या. त्यांनी किसणी खाली ठेवली.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "तीस हिवाळे काढले मी. आता पुरे. हे असंच चालणार असेल तर मी चिनात्सूकडे जाते, शिझुओकाला. वसंतात साकुरा फुलल्याशिवाय परत यायची नाही. आणि फुलल्यावर येईनच असंही नाही."

चिनात्सू ही त्यांची मुलगी. जावयाच्या घराला दक्षिणेकडे मोठी गच्ची होती आणि हिवाळाभर त्या गच्चीत ऊन सांडलेलं असायचं. ती दर आठवड्याला गाद्या वाळत घातल्याचे फोटो पाठवायची. इगाराशींना ते फोटो मुद्दाम पाठवल्यासारखे वाटायचे.

"जा की! अडवलंय कुणी?" असं म्हणून ते तणतणत संडासात गेले आणि दार लावून बसले. घरात तेवढीच एक बैठक विजेवर गरम होणारी होती. तिथे बसल्यावर मात्र त्यांना भीती वाटली. तोमोए गेली तर या अंधारात आपण आणि तो कुकर, दोघंच.

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप दवाखान्यात गेले. डॉक्टर कोवळा होता, बदली होऊन पलीकडच्या बाजूनं आलेला.

"हिवाळ्यात मनाची उभारी जाते, चिडचिड वाढते, यात तुमचा दोष नाही, इगाराशीसान," तो म्हणाला. "सवयी बदलायच्या. वेळेवर झोपा, मासे खा, आणि रोज सकाळी थोडा वेळ ऊन घ्या."

"कुठलं?"

"सकाळचं."

"सकाळ आहे हो. ऊन कुठलं? तुम्ही आल्यापासून पाहिलंत का इथे?"

डॉक्टरनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. त्याचा चेहरा क्षणभर असा झाला की खुर्च्या बदलाव्यात की काय असं इगाराशींना वाटलं. "मग निदान उजेड," तो म्हणाला. "बाहेर फिरायला जा. घरात उजेड येऊ द्या."

फिरायला जा! दुसऱ्या सकाळी इगाराशी हात मागे बांधून गल्लीतून निघाले. दारोदार लोक घाम गाळत बर्फ उपसत होते. त्या वेळी मोकळ्या हातानं फिरणारा माणूस आमच्याकडे एक तर पोलीस असतो नाही तर निर्लज्ज. "काय इगाराशीसान, तपासणीला?" समोरच्या वाताबेबाईंनी विचारलं. त्यांच्या फावड्यातला बर्फ नेमका इगाराशींच्या बुटांवर पडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी शोभेसाठी खांद्यावर फावडं घेतलं. तर शेजारच्या हात्सुए आजींनी दारातूनच हात जोडले. "देवासारखा आलास रे मासा! मी मेले कशी नाही याचंच मला नवल वाटत होतं." आजींनी इगाराशींना लंगोटात पाहिलेलं असल्यामुळे गल्लीत मासानोरींचा मासा करायचा हक्क फक्त त्यांना होता. मासानं आजींची वाट उपसली, कोठीचं दार मोकळं केलं, आणि कंबर धरून, ऑफिसला उशीर करून, आधीपेक्षा दुप्पट चिडून तो घरी आला. स्वतःच्या छपराकडे बघायला त्याच्यात त्राण उरलं नाही. आरोग्यासाठी फिरणं त्या दिवशी संपलं.

राहिला घरातला उजेड. रविवारी सकाळी इगाराशींनी कटावणी उचलली आणि बैठकीच्या मोठ्या सरकत्या दारावरच्या फळ्या उपटायला सुरुवात केली. गोठलेल्या फळ्या बंदुकीसारख्या वाजत निघत होत्या. शेवटची निघाली आणि बैठकीत उजेड आला. करडा का होईना, पण आला. इगाराशी कोतात्सूत, म्हणजे दुलई टाकलेल्या गरम बैठ्या टेबलाखाली, पाय घालून, पेपर उघडून त्या उजेडात बसले आणि दिव्याशिवाय मथळे वाचू लागले. महिनाभरानं त्यांच्या कपाळावरची आठी सुटली.

काचेपलीकडे हात्सुए आजी उभ्या होत्या.

"मासा, हे काय रे? भर जानेवारीत?"

"उजेड हवा होता, आजी."

"उजेड," आजी म्हणाल्या. त्यांनी इगाराशींच्या खांद्यावरून आत पाहिलं. मागच्या भिंतीशी तोमोएबाईंचं माहेरून आलेलं कपाट होतं, किरीच्या लाकडाचं, भलंमोठं. आजींनी कपाटाकडे पाहिलं, काढलेल्या फळ्यांकडे पाहिलं, पुन्हा कपाटाकडे पाहिलं, आणि त्या डोळे टिपत निघून गेल्या.

आता आमच्याकडे हे पोरालाही कळतं. नवरीचं कपाट पुढच्या दारातून मावत नाही. ते बैठकीच्या मोठ्या दारातून आत येतं, आणि कधी बाहेर गेलंच तर त्याच दारातून जातं. भर हिवाळ्यात त्या दाराच्या फळ्या काढायला दुसरं कुठलं कारण असतं? इगाराशींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण चिडलेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही.

संध्याकाळी वाताबेबाई आल्या. त्यांनी तोमोएबाईंचे दोन्ही हात हातात घेतले, धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याचं गाठोडं दिलं, आणि इगाराशींकडे असं पाहिलं की ते पेपरमागे गेले. सोमवारी दोघीतिघी आल्या. कुणी लोकरीचे मोजे दिले, कुणी तांदळाच्या मोची लाडवांचा डबा, कुणी प्रवासात मानेला लावायची उशी. सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या आणि जाताना तोमोएबाईंना "सुखी राहा हो" म्हणत होत्या. इगाराशींना वाटलं, आपल्या डोक्याचं दुखणं डॉक्टरनं फोडलं. ते मनातल्या मनात डॉक्टरला शिव्या देत लोणचं खात राहिले. लोणचं चांगलं होतं, हे त्यांना रागातही कबूल करावं लागलं.

मंगळवारी तोमोएबाई जेवताना म्हणाल्या, "हे सगळे मला निरोप देतायत."

"कसला निरोप?"

"तुम्ही फळ्या काढल्यात. कपाट चाललंय असं वाटतंय त्यांना. मी तुम्हाला सोडून निघालेय."

इगाराशींच्या हातातल्या जेवायच्या काड्या लोणच्यातच थांबल्या. "मग सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी कळलंच नाही. कळलं तोवर चार घरच्या भेटवस्तू घेऊन झाल्या होत्या. निरोपाची भेट घ्यायची आणि जायचं नाही, हे शोभतं का? उद्या तोंड कसं दाखवू?" त्यांनी स्वतःला भात वाढून घेतला. "आणि खरं सांगू? इतकी माणसं जा म्हणतायत, तर जावं असं मलाही वाटायला लागलंय."

हे म्हणजे घर वाचवायला बोलावलेल्या सुतारानं खांबच कापावा तसं झालं. इगाराशी जेवण टाकून उठले आणि फळ्या परत बसवायला बाहेर धावले. पण उघड्या पडलेल्या खाचा दोन दिवसांत बर्फानं चिणून गेल्या होत्या. एकही फळी बसेना. त्यांनी हातोडा घातला तर फळीच चिरली.

मग ते तडक मंडळाचे अध्यक्ष होंमासान यांच्याकडे गेले. होंमा म्हणजे शाळेचे निवृत्त उपमुख्याध्यापक. गल्लीतल्या सगळ्यांना ते अजून पाचवीत समजत.

"बसा," होंमा म्हणाले. त्यांनी साके गरम केली. "मला सगळं कळलंय."

"तुम्हाला चुकीचं कळलंय! मी उजेडासाठी फळ्या काढल्या. डॉक्टरनं सांगितलं म्हणून!"

"हो हो. उजेडासाठी."

"खरंच उजेडासाठी!"

"इगाराशीसान, माणसाला कबूल करणं जड जातं. माझ्या साडूचंही असंच झालं. तोही शेवटपर्यंत म्हणत होता, ती फक्त दातांच्या डॉक्टरकडे गेलीय." होंमांनी पेला भरला. "नियमाप्रमाणे मार्चआधी फळ्या काढता येत नाहीत. पण कौटुंबिक कारण असेल तर मंडळ सवलत देतं. मी तशी नोंद केलीय. आता तुम्ही उजेड म्हणालात तर ते नियमात बसत नाही, दंड होईल. कौटुंबिकच असू द्या."

इगाराशी इतके चिडले की त्यांना शब्द सुचेना. त्यांच्या गप्प बसण्याचा होंमांनी व्हायचा तोच अर्थ घेतला आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तोमोएबाई स्वयंपाकघरात, इगाराशी त्यांच्या उजेडात. पण उजेडातही आता पेपर वाचवत नव्हता. जाऊ नकोस, एवढं म्हणायचं होतं. रोज संध्याकाळी ते तोंडापर्यंत यायचं आणि बाहेर पडताना त्याचं "मीठ कमी आहे" व्हायचं.

रविवारी सकाळी दारात एक छोटा ट्रक येऊन उभा राहिला. मागोमाग होंमा, आणि दोर, जुन्या गोधड्या घेऊन गल्लीतले पाचसहा पुरुष. सगळ्यांनी ओळीत उभं राहून इगाराशींना कमरेत वाकून नमस्कार केला.

"आम्ही कपाट न्यायला आलोय," होंमा म्हणाले. "तुम्ही हात लावू नका. तुम्हाला त्रास होईल."

"कुणी बोलावलं तुम्हाला? खबरदार कपाटाला हात लावलात तर!"

"असंच होतं," होंमांनी बाकीच्यांना समजावलं. "धरा रे त्यांना जरा."

दोघांनी इगाराशींना मायेनं धरलं. बाकीच्यांनी मोठं दार सरकवलं, कपाटाला गोधड्या गुंडाळल्या, दोर आवळले आणि "हुश्शा, हुश्शा" करत कपाट कोतात्सूपर्यंत आणलं. त्या दिवशी हवा जरा मऊ पडली होती. छपरावर दोन आठवडे कुणी बर्फ काढायला चढलेलं नव्हतं. एवढ्या माणसांच्या आरोळ्यांना घर हललं की काय कुणास ठाऊक, वरून गडगड आवाज आला आणि अख्खं छप्पर खाली उतरलं.

बर्फ दारातून आत शिरला, काचांचा चुरा करून कोतात्सूवर चढला आणि कपाटापाशी थांबला. कुणाला इजा झाली नाही. होंमा कमरेइतके गाडले गेले होते, दोर मात्र त्यांनी सोडला नव्हता. होंमांनी चष्म्यावरचा बर्फ पुसला आणि ते म्हणाले, "मंडळाचा नियम आहे तो याचसाठी."

इगाराशींचा बांध फुटला.

"खड्ड्यात गेला तुमचा नियम! खड्ड्यात गेलं मंडळ! चार महिने सूर्य बघायचा नाही, वर हसतमुख राहायचं! सकाळी बर्फ उपसा, संध्याकाळी उपसा, आणि ती टीव्हीवरची बया सांगणार देशभर ऊन! एक माणूस स्वतःच्या घरात मूठभर उजेड घ्यायला गेला तर तुम्ही त्याचं लग्न मोडलंत! आठ दिवसांत! मोजे देऊन! अरे, ही जाऊ नये म्हणून काढल्या मी फळ्या! माझं डोकं ठिकाणावर यावं, मी माणसासारखं वागावं, आणि हिनं राहावं म्हणून! मला ही इथे हवीय! कळलं का? आता धरा मला आणि टाका ट्रकात!"

नवऱ्यानं बायकोबद्दल असं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलणं आमच्याकडे होत नाही. गडगडाट ऐकून हात्सुए आजींबरोबर धावत आलेल्या वाताबेबाई ओट्यावरच्या मांजरासारख्या दारात थिजल्या होत्या. दोघांनी इगाराशींचे हात हळूच सोडले.

"झालं तुमचं?" मागून आवाज आला.

तोमोएबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात डाव होता.

"माझं डोकं, माझी मनःस्थिती, माझा उजेड! डॉक्टर तुमची चौकशी करतो. होंमासान तुम्हाला साके पाजतात. गल्ली तुमच्या पाठीवर हात फिरवते. माझं काय? मी हसतमुख आहे म्हणून मला हिवाळा होत नाही? फळ्या काढल्यात ना तुम्ही? कुठल्या काढल्यात? स्वतः पेपर वाचत बसता त्या दाराच्या! मी कुठे असते दिवसभर? सांगा की! तीस वर्षं मी कुठे असते?"

सगळ्यांची नजर त्यांच्यामागच्या स्वयंपाकघराकडे गेली. तिथे सकाळी दहा वाजता पिवळा दिवा जळत होता. ओट्यावरच्या खिडकीला बाहेरून फळ्या होत्या आणि फळ्यांमागे बर्फ.

"मी ओरडले नाही, कारण एका घरात दोघांनी ओरडून कसं चालेल!" एवढं ओरडून त्या आत गेल्या आणि दार आपटलं.

होंमांनी तोंड उघडलं. "मंडळाच्या नियमाप्रमाणे—"

"होंमा, गप बैस!" हात्सुए आजी म्हणाल्या, आणि निवृत्त उपमुख्याध्यापक बर्फात उभ्या उभ्या गप्प बसले.

इगाराशींना राग होता, पण तो आता कुठे न्यायचा हे त्यांना कळेना, कारण तो ज्याच्यावर होता तो माणूस त्यांच्याच बंडीत होता. त्यांनी फावडं आणि कटावणी उचलली आणि ते घराला वळसा घालून मागे गेले. पुढे माणसं बैठकीतला बर्फ बाहेर टाकू लागली आणि कपाट निमूटपणे जागेवर नेऊन ठेवलं.

मागच्या बाजूला बर्फ डोक्याच्या वर होता. इगाराशी खणत राहिले. वरचा ढिगारा कोसळला की शिव्या देऊन पुन्हा खणत. तीस वर्षं आपण या बाजूला हिवाळ्यात आलोच नाही, हे त्यांना खणता खणता कळलं, आणि मग शिव्या स्वतःला बसू लागल्या. दुपार कलायला लागली तेव्हा खिडकी लागली. एकेक फळी वाजत निघाली.

आत तोमोएबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळानं हात लांबवून दिव्याचं बटण बंद केलं. मग खिडकी सरकवली.

"तू जाणार?" इगाराशींनी बाहेरून विचारलं. दाढीला बर्फ लागला होता.

"जाणार. अख्ख्या गल्लीचं लोणचं कुणी संपवलं? निरोपाच्या भेटी खाऊन झाल्यात. आता त्या बदल्यात शिझुओकाची संत्री आणायला नकोत का दारोदार वाटायला?"

"साकुरा फुलेपर्यंत?"

"संत्री तेवढी टिकतात का? फार तर आठवडाभर. चार दिवस ऊन खाते आणि येते."

इगाराशींनी मान खाली घातली. "मीपण येऊ?"

"या. पण गाडीत तोंड नीट ठेवायचं."

"आणि छप्पर? पुन्हा साचेल की."

"होंमासान काढतील. मला घालवायची एवढी घाई झाली होती ना त्यांना."

तेवढ्यात वळचणीचा उरलासुरला बर्फ सुटला आणि थेट इगाराशींच्या मानेवर, बंडीच्या आत गेला. ते असे किंचाळले की पुढच्या अंगणातली फावडी थांबली. "बघ! बघ, हे असं होतं! पहिल्याच रात्री काच फुटेल तुझी! मी आत्ताच्या आत्ता फळ्या परत बसवतो, खाचा गोठायच्या आत!"

"हात तर लावून बघा!" तोमोएबाई आतून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडल्या. त्यांच्या हातात अर्धा किसलेला मुळा होता आणि तो त्यांनी खिडकीबाहेर त्यांच्या नाकासमोर नाचवला. "पांढरा आहे हा! जानेवारीत मुळा पांढरा दिसतोय मला! लावाच तुम्ही फळी, म्हणजे सांगते!"